फोटोतला डावा हात

माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललंच, तर एवढंच बोलेल की ह्या माणसानं लोकांचे मिटलेले डोळे उघडले. म्हणजे फोटोतले. तीस वर्षं तेच करतोय. शाळेचा ग्रुप फोटो काढला की चाळीसात तीन पोरं डोळे मिटतातच, मग त्यांचेच दुसऱ्या फोटोतले डोळे आणून बसवायचे. मुरमं घालवायची, टकलावर चार केस पेरायचे, रुसलेल्या सासूबाईंच्या ओठांचे कोपरे जरा वर उचलायचे. गिऱ्हाईक खूश. स्टुडिओ वडिलांचा, हात वडिलांनी बसवलेला आणि खोडीही त्यांचीच. माणूस दिसतो तसा नाही, दिसायला हवा तसा फोटोत आला पाहिजे, असं ते म्हणायचे. मीही कालपरवापर्यंत तेच म्हणत होतो.

बघा, सांगायचंय अक्काबद्दल आणि सुरुवात केली स्वतःपासून. सवय जात नाही.

अक्का माझी सख्खी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचा डावा हात कोपराखाली चार बोटांच्या अंतरावर संपतो. जन्मापासूनच. माझ्या स्टुडिओपासून दोन गल्ल्या सोडून तिचं दुकान आहे. लोकांनी तयार कपडे आणायचे, ती ते अंगाला बसतील असे करून देते. पँटची उंची, कोटाची कंबर, तुटलेली चेन, उसवलेली बाही. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि दांडीवर लटकलेले लोकांचे कपडे. प्रत्येकाला टाचणीनं लावलेली चिठ्ठी. तिच्या जिभेला सगळे टरकून असतात. माप घेताना कुणी पोट आत ओढलं की म्हणते, "सोडा हो. घरी जाऊन सोडणारच आहात, मग बटण माझ्या नावानं तुटायला नको."

एकोणिसाव्या वर्षी ती शिवण शिकायला एका शिंपीणबाईंकडे गेली. बाईंनी दारातच तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अगं, इथे दोन हातवाल्यांना जमत नाही," म्हणाल्या. अक्का म्हणाली, "मग तुमच्या शिकवण्यात काहीतरी चुकत असेल." बाईंना राग आला, पण हसूही आलं असावं, कारण त्यांनी तिला ठेवून घेतलं. दोन वर्षं नुसती काजं करायला लावली. शर्टाला सहा, कोटाला चार, दिवसाला शंभरेक काजं. तिसऱ्या वर्षी बाई आजारी पडल्या आणि पंधरा दिवस सगळं दुकान अक्कानं एकटीनं सांभाळलं. बाई परत आल्या, दांडीवरचे कपडे एकेक करून उलटे करून बघितले आणि कापायची मोठी कात्री तिच्यासमोर ठेवली. पुढे लिफ्ट दुरुस्त करणारे आमचे भाऊजी आपल्या कोटाचं अस्तर बदलून घ्यायला आले आणि अस्तर चांगलं असतानाही तीनदा आले. त्यांचं लग्न झालं, एक मुलगी झाली. अक्कानं आयुष्यात कुणापुढे रडगाणं गायलं नाही. गायलं असतं तरी आमच्या घरात ऐकायला कोण होतं?

आता माझा पराक्रम ऐका.

मला लहानपणापासून चित्रं काढायचा नाद. धंद्यातून वेळ मिळाला की कॉम्प्युटरवर काढतो आणि एका ऑनलाइन गटात टाकतो. चार-साडेचार हजार माणसं, सगळी टोपणनावानं वावरणारी. माझं नाव तिथे 'डार्करूम'. गेल्या महिन्यात गटाच्या ॲडमिननं एक उपक्रम जाहीर केला. महिनाभर अपंग पात्रं रंगवायची. दर आठवड्याला एक चित्र, चारही चित्रांत एकच पात्र. अटी तीनच. दया नको, चमत्कार नको आणि पात्र आपल्या रोजच्या कामात दिसलं पाहिजे. ज्यांची चित्रं निवडली जातील त्यांचं एक छापील पुस्तक निघणार.

छापील पुस्तक म्हटल्यावर मला हुरूप आला. तीस वर्षं दुसऱ्यांचे चेहरे घासूनपुसून दिले, कधी खाली माझं नाव आलं नाही. मी त्या घोषणेखाली लगेच लिहिलं, 'मला शोधायला लांब जायला नको, माझं पात्र घरातच आहे.' हे वाक्य आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. माझी बहीण आणि मी तिच्याबद्दल असं लिहिलं, जणू घरात पडून असलेलं सामान सापडलं.

बायकोनं विचारलं, "अक्कांना सांगितलंत का?"

"सख्खी बहीण आहे माझी. त्यात विचारायचं काय?"

"म्हणूनच विचारतेय," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. तिचं हे असंच असतं. एक खडा टाकायचा आणि निघून जायचं.

पहिलं चित्र सुरू केलं. अक्का मशीनवर बसलीय. चेहरा झकास उतरला, चष्मा, कपाळावरची आठी, सगळं. मग डाव्या हाताशी आलो आणि अडलो. मला आठवेना. हात कुठे संपतो ते माहीत होतं. पण तो संपतो तिथे दिसतो कसा? गोल आहे की निमुळता? कातडी कशी आहे? कोपर दुमडल्यावर काय होतं? बावन्न वर्षं ह्या बाईच्या समोर बसून जेवलो, भांडलो, तिच्या पाठीवर बसून खेळलो आणि मला तिचा हात आठवेना. आठवणार कसा, मी तिथे कधी बघितलंच नव्हतं. आमच्या घरात तिकडे बघायचं नाही, असा न सांगितलेला नियम होता. आम्ही सगळे त्याला सभ्यपणा समजत होतो.

तेव्हाच उठून दोन गल्ल्या चालत गेलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण मी धंदेवाईक माणूस. इंटरनेटवर शोधलं, कुणा परक्या पुरुषाचा तसला हात सापडला, तो उचलला, थोडा बारीक केला आणि अक्काच्या खांद्याला जोडून दिला. खाली लिहिलं, 'माझी मोठी बहीण. हिला लहानपणापासून जवळून पाहतोय.'

लोक तुटून पडले. वा वा, काय जिवंत चेहरा. कुणीतरी विचारलं, त्या सुईत दोरा कसा ओवतात? मला कुठे माहीत? पण एवढी वाहवा चाललेली असताना माहीत नाही असं कसं लिहिणार? मी ठोकून दिलं, 'सुई दातात धरून.' त्या उत्तरालाही शंभरावर लोकांनी पसंती दिली.

मग 'चिमटा' नावाच्या एका बाईंनी लिहिलं, 'चेहरा कामात आहे, पण डावा हात रजेवर गेलाय का? कापडाला शिवतसुद्धा नाहीये. मला स्वतःला डावा पंजा नाही, म्हणून विचारते.'

माझं डोकं फिरलं. ही कोण टिकोजीराव मला शिकवणार? मी लिहिलं, 'मी माझ्या बहिणीला बावन्न वर्षं पाहतोय.'

त्यांचं उत्तर आलं, 'माझा भाऊही मला पन्नास वर्षं पाहतोय. त्याला विचारा, माझा कुठला हात नाही. उजवा म्हणून सांगेल.'

दुसऱ्या दिवशी एक पँट काखोटीला मारली आणि कंबर सैल करायचं निमित्त काढून अक्काच्या दुकानात जाऊन बसलो. पहिल्यांदा नीट बघितलं, तेही चोरून, तिची मान खाली असताना.

तो हात रजेवर वगैरे मुळीच नव्हता. उजव्यापेक्षा जास्तच राबत होता. कापड त्याच्याखाली दाबून ती मशीनमध्ये सरकवत होती, इतकं सरळ की शिलाई आखल्यासारखी येत होती. मापाची पट्टी कोपराच्या खोबणीत धरत होती. दंडाला एक रबरी पट्टा आणि त्यावर टाचण्यांची गादी. सुई त्या गादीत उभी खोचायची आणि उजव्या हातानं दोरा ओवायचा, झालं काम. डावी बाही तिनं स्वतःच आखूड शिवलेली आणि तिला बाहेरून एक चिंचोळा खिसा, खडू ठेवायला. हाताचं टोक टाचेसारखं घट्ट झालेलं आणि त्यावर सुयांचे बारीक बारीक डाग.

"काय बघतोयस?" मान वर न करता अक्का म्हणाली.

"कुठे काय."

"मग पँट ठेव आणि नीघ. परवा ये."

सांगायची ती वेळ होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तोंडापर्यंत आलंही. पण सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि मग पुस्तक हातचं गेलं असतं. मी पँट ठेवली आणि घरी येऊन जे जे बघितलं ते ते काढलं. पट्टा, गादी, खिसा, डाग, सगळं. 'चिमटा'बाईंनी लिहिलं, 'आता हात कामावर रुजू झाला.' मी हवेत तरंगत होतो. पँट आणायला गेलो तेव्हा तिसरं चित्र चोरलं. बटण लावायचं निमित्त करून चौथं. चोरलं हाच शब्द बरोबर आहे, उगाच गोड कशाला बोलू?

महिना संपला आणि निरोप आला, तुमची चित्रं निवडली आहेत. पात्र जिवंत व्यक्तीवरून असेल तर तिची लेखी संमती हवी. सोबत एक फॉर्म होता आणि त्यावर एकच ओळ, 'मी ही चित्रं पाहिली आहेत आणि त्यांत मी आहे.' खाली सहीची जागा. शिवाय त्या व्यक्तीचा एक साधा फोटो.

फोटोला काय तोटा, आपण फोटोवाले. सकाळी स्टुडिओ उघडला आणि जुन्या फायली काढल्या. दुपारपर्यंत अक्काचे सदतीस फोटो सापडले. मी ते ओळीनं लावले आणि खुर्चीतून उठवेना. एकातही तिचा डावा हात नव्हता. एकात ती खुर्चीच्या मागे, एकात भाचीच्या आडोशाला, एकात मोठी पर्स पुढे धरून, एकात फोटोच कडेला कापलेला. आधी वडील म्हणायचे आणि त्यांच्यामागे मी, "अक्का, तू जरा मागे हो." ती मागे व्हायची. मला वाटायचं, तिलाच तसं आवडतं.

आणि सदतिसावा फोटो आईच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाचा. आई खुर्चीत बसून खदाखदा हसतेय, शेजारी अक्का, आणि त्यात अक्काला दोन हात आहेत. डावा मी लावला होता. अख्खा, पाच बोटांचा, नखांसकट. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. चांगली फ्रेम करून मी तो तिला भेट दिला होता. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई छान आलीय." मी खूश झालो. पुढच्या वर्षी आई गेली. आईचा तोच शेवटचा फोटो. अक्काच्या घरी जेवायच्या टेबलाच्या वर, भिंतीला आहे.

काल दुपारी फॉर्म आणि चारही चित्रांचे प्रिंट घेऊन दुकानात गेलो. एक गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर वळून वळून बघत होतं. ते जाईपर्यंत मी स्टुलावर बसून राहिलो. मग सगळे कागद कापायच्या टेबलावर ठेवले.

"आलास एकदाचा," अक्का म्हणाली. "मला वाटलं, पुस्तक छापून झाल्यावर येतोस की काय."

"तुला माहितीय?"

"पहिल्या दिवशी पोरीनं फोनवर दाखवलं. तीही आहे त्या गटात. चार आठवडे वाट बघतेय, आज सांगेल, उद्या सांगेल. हा आपला पँट घेऊन येतोय आणि पँट घेऊन जातोय." तिनं चष्मा चढवला आणि प्रिंट पुढे ओढले. "दातांनी सुई धरते म्हणे! अरे, माझे पुढचे दोन दात आठ वर्षं झाली खोटे आहेत. सुई धरली तर दातांसकट हातात येईल."

मी हसायला गेलो. ती हसत नव्हती.

"हा खिसा बरोबर काढलायस," ती म्हणाली. "हे तिसरं पण बरंय. आणि हा पहिल्यातला हात कुणाचा?"

"नेटवरून घेतला. कुणाचा ते माहीत नाही."

"आणि आईच्या फोटोतला?"

नऊ वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं. मी स्वतःची समजूत घालून घेतली होती, की तिला तो आवडलाय. "एका गिऱ्हाइकाचा," मी म्हणालो.

"तिला विचारलं होतंस?"

"नाही."

"म्हणजे तिलाही नाही." तिनं फॉर्मवरची ओळ बोट ठेवून वाचली. "त्यांत मी आहे. हं. सही करते की. मला कसली लाज? मी काही हात लपवून धंदा करत नाही. पण त्या बदल्यात मला एक गोष्ट दे. तो आईचा फोटो, तू कारागिरी करायच्या आधीचा. तसाच, जसा काढला होतास तसा."

"तो कशाला?"

"त्यात आईनं माझा हात धरला होता." ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, टाचण्या गोळा करता करता. "तू म्हणालास, अक्का मागे हो. मी निघाले. तर आईनं खालून पटकन माझा हा हात धरला. म्हणाली, कुठे निघालीस, तुझ्या भावाला दोन माणसं फोटोत बसवता येत नसतील तर धंदा बंद कर म्हणावं. आणि स्वतःच हसत सुटली. तेवढ्यात तू बटण दाबलंस. ती हसतेय ना फोटोत, ती त्यावर हसतेय. तू मला पंजा लावलास आणि तिचा हात कुठे नेऊन ठेवलास ते मी रोज जेवताना बघते. मांडीवर ठेवलायस. आई कधी अशी मांडीवर हात ठेवून बसायची का रे?"

मला आठवलं. सगळं आठवलं. नवा पंजा बसवायला मध्ये आईची बोटं येत होती. अडचण होत होती. म्हणून मी ती पुसली आणि आईचा हात मांडीवर आणून ठेवला, पाच मिनिटांचं काम. आणि आमच्या स्टुडिओत वाईट कॉपी ठेवत नाहीत. ठेवली तर गिऱ्हाइकाला कधीतरी सापडते आणि बोंबाबोंब होते, ही वडिलांची शिस्त. सुधारलेला फोटो जुन्याच्याच जागी सेव्ह करायचा. त्या दिवशीही मी तेच केलं होतं. काल सकाळी मी सगळ्या डिस्क उलट्यापालट्या केल्या होत्या, हात दिसणारा एक तरी फोटो मिळावा म्हणून. कुठे काही नव्हतं.

"नाहीये अक्का," मी म्हणालो. "पुसला गेला. म्हणजे, मीच पुसला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. लाथ घातली असती तरी चाललं असतं. तिनं टाचण्यांची डबी बंद केली, फॉर्मची घडी घातली आणि इस्त्रीखाली सरकवून ठेवली. मी तो मागितला नाही. तोंड होतं कुठे मागायला? बावन्न वर्षांचा घोडा मी, तिच्यासमोर ढसाढसा रडलो.

"पुरे," ती म्हणाली. कपडे बेतायचा तपकिरी कागद तिनं टेबलावर पसरला आणि पेन्सिल माझ्यासमोर टाकली. "चित्रं काढतोस ना? काढ. मला तेवढा तुकडा काढून दे, आईचा हात आणि माझा."

मी काढायला घेतलं. खुर्चीचा हात आला, आईचा खांदा आला. अक्काचा हात तर आता न बघताही काढता येत होता. आईच्या बोटांशी पेन्सिल थांबली. "कसा धरला होता?" मी विचारलं. "अंगठा वर होता की खाली?"

अक्कानं बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे केला. "धर. सांगते."

मी आधी दाराकडे बघितलं, कुणी गिऱ्हाईक येतंय का ते. नको तेव्हा मान वळली. तिनं ते बघितलं. हात तसाच पुढे धरून उभी राहिली. मग मी धरला. आयुष्यात पहिल्यांदा. गरम होता आणि टोकाशी खरखरीत.

"असा नाही," अक्का म्हणाली. "आई घाबरत नव्हती. घट्ट धर."